सामान कुणाच्या हवाली करायचं? मूव्हर्स निवडण्यापासून शेवटचं खोकं उघडेपर्यंत

नवऱ्याची बदली झाल्याचं ऑगस्टच्या सुरुवातीला कळलं. तो सप्टेंबरमध्ये एक बॅग घेऊन पुढे जाणार आणि मुलीची परीक्षा संपली की मी, ती, सासूबाई आणि अख्खा संसार मागून जाणार, असं ठरलं. याआधी आम्ही घर बदललं होतं ते त्याच शहरात, ओळखीचा टेम्पोवाला आणि चार मित्र यांच्या जिवावर. या वेळी मध्ये रात्रभराचा रस्ता होता, सामान तेव्हाच्या तिपटीहून जास्त होतं आणि सगळं ठरवायला मी एकटी. हे सगळं पार पडून आता काही आठवडे झालेत. जे अजून त्या वाटेवर आहेत त्यांच्यासाठी, घडलं त्या क्रमानं लिहिते.

सुरुवात इंटरनेटवरून. 'एकदा माहिती भरा, अनेक कंपन्यांचे दर मिळवा' असं सांगणारी पानं असतात. ही पानं स्वतः सामान हलवत नाहीत, तुमचा नंबर कंपन्यांना विकतात. मैत्रिणीनं हे आधीच सांगितलं होतं, म्हणून घरात पडून असलेल्या जुन्या सिमचा नंबर दिला. फॉर्म पाठवून चहाचा कप खाली ठेवेपर्यंत पहिला फोन आला आणि मग रात्री उशिरापर्यंत तो फोन काही गप्प बसला नाही. त्यातले बहुतेक संवाद एकाच साच्यातले. "ताई, दोन बेडरूमचं घर ना? फ्रिज, वॉशिंग मशीन, दोन पलंग? मग एवढे होतील. आज बुकिंग केलंत तर आणखी कमी करतो."

हे ऐकून ऐकून एक गोष्ट डोक्यात पक्की झाली. ज्यानं सामान बघितलंच नाही, त्यानं सांगितलेला आकडा माझ्या सामानाचा नसतोच. तो मला 'हो' म्हणायला लावण्याचा आकडा असतो. खरा आकडा पुढे कधीतरी कळतो, आणि तो बहुधा सामान ट्रकमध्ये चढल्यावर, जेव्हा आपल्या हातात काहीच उरलेलं नसतं. अशा किस्स्यांचा मला ओळखीत तोटा पडला नाही. एका नातेवाइकांचा ट्रक नव्या घराच्या दारात उभा होता आणि 'सामान ठरल्यापेक्षा जास्त निघालं' म्हणून ठरलेल्या रकमेच्या जवळजवळ निम्मे पैसे आणखी दिल्याशिवाय मागचं दार उघडायला माणसं तयार नव्हती.

म्हणून त्यानंतर फोनवर भाव विचारणंच बंद केलं. उलट मीच प्रश्न विचारायला लागले. ट्रक तुमचा की भाड्याचा? पॅकिंग करणारी माणसं तुमच्या पगारावरची की त्या दिवशी बोलावलेली? सामान एकाच ट्रकमधून दारापर्यंत जाणार की मध्ये गोदामात उतरून दुसऱ्या गाडीत चढणार? करारावर सही कोणत्या नावानं होणार आणि पावती कोणत्या नावानं मिळणार? ट्रक भाड्याचा असला म्हणून कंपनी वाईट ठरत नाही, गर्दीच्या दिवसांत चांगल्या कंपन्याही गाडी बाहेरून घेतात. पण हे मोकळेपणानं सांगणारा आणि "सगळं आपलंच आहे, काळजी नको" म्हणणारा यांतला फरक फोनवरही कळतो. काही जण तर नुसतेच मध्यस्थ निघाले. काम घ्यायचं, आपला वाटा ठेवायचा आणि ते दुसऱ्याच कुणाच्या गळ्यात मारायचं. काही फुटलं तर हा म्हणणार ट्रकवाल्याला विचारा, आणि ट्रकवाला म्हणणार मला कुणी सांगितलंच नव्हतं.

एवढ्या चाळणीतून जी नावं उरली त्यांची चौकशी केली. नोंदणीचा क्रमांक मागून तो सरकारी नोंदीत त्याच नावावर आहे का ते पाहिलं. एका कंपनीचं नाव एका प्रसिद्ध कंपनीच्या नावाशी इतकं मिळतंजुळतं होतं की दोनदा वाचल्यावर मधला जास्तीचा शब्द दिसला. ती तिथेच बाद. अभिप्राय वाचताना पाच तारेवाले मी बाजूलाच ठेवले, आधी तारखा बघितल्या. एका ठिकाणी महिनोन्महिने काहीच नाही आणि मग एका आठवड्यात कौतुकाचा पाऊस, तोही सगळा दोन ओळींचा. जास्त उपयोगी पडले ते तीन तारेवाले. 'ट्रक उशिरा आला पण फोन उचलत होते', 'कपाटाला ओरखडा गेला, भरपाईला वेळ लागला पण मिळाली' असं लिहिणारी माणसं कुणाला खूश करायला लिहीत नसतात. तक्रारीला कंपनीनं काय उत्तर दिलंय तेही वाचावं. ग्राहकाशीच भांडणारी उत्तरं असतील तर उद्या आपल्याशी कसं बोलतील ते आजच कळतं.

आणि एका शनिवारी मी सरळ पत्त्यावर जाऊन आले. एका पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान होतं. दुकानदाराला कंपनीचं नाव ठाऊक होतं, पण तिथे कुणी बसत नाही म्हणाला. दुसऱ्या ठिकाणी पत्र्याचं गोदाम होतं, बाहेर ट्रक लागलेला आणि आत कुणाचंतरी घर खोक्यांमध्ये रचून ठेवलेलं. खोकी फळ्यांवर होती, थेट जमिनीवर नव्हती, आणि प्रत्येकावर क्रमांक आणि आडनाव. तिथल्या बाईंनी चहा विचारला नाही, पण "सर्व्हेला कधी माणूस पाठवू?" हे पहिल्याच वाक्यात विचारलं. मला ते आवडलं.

सर्व्हे, म्हणजे घरी येऊन सामान पाहणं, हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे असं माझं ठाम मत झालंय. किमान तीन कंपन्यांचे करून घ्यावेत. प्रत्यक्ष येणं शक्य नसेल तर व्हिडिओ कॉलवरही चांगला होतो, फक्त प्रत्येक कपाट उघडून दाखवायची तयारी हवी.

पहिला माणूस आला तो दिवाणखान्याच्या मधोमध उभा राहिला, मान गोल फिरवली आणि मोबाइलवर आकडा टाइप करायला लागला. "आतल्या खोल्या?" मी विचारलं. "अंदाज आलाय." माळा त्यानं पाहिलाच नाही. तिथे तीन पिढ्यांची भांडी आहेत.

शेवटी ज्यांना काम दिलं त्यांच्याकडून पन्नाशीचे एक गृहस्थ आले, हातात मोजपट्टी आणि छापील तक्ता. पलंगाखालचे खण त्यांनी उघडायला लावले. पुस्तकांचं कपाट पाहून "सगळी नेणार?" असं विचारलं आणि माझा चेहरा बघून हसले. बाल्कनीतल्या कुंड्या मोजल्या. मग बेडरूममधल्या कपाटासमोर थांबले, मागे वळून दाराची चौकट पाहिली आणि म्हणाले, "हे आत आणलं कसं?" ते सुतारानं खोलीतच जोडलेलं होतं. म्हणजे खोलल्याशिवाय बाहेर पडणार नव्हतं, म्हणजे सुतार लागणार, तिकडे परत जोडायलाही लागणार. बाकी कुणालाच हे दिसलं नव्हतं, मलाही नाही. मग ते खाली जाऊन लिफ्टचं दार मोजून आले, ट्रक इमारतीच्या किती जवळ येऊ शकतो ते पाहिलं, आणि नव्या घराचा मजला, लिफ्ट, गल्लीची रुंदी, सामान चढवायची परवानगी किती वाजेपर्यंत आहे हे सगळं विचारलं. नव्या घरातलं निम्मं मला ठाऊक नव्हतं. नवऱ्याला फोन लावून तिथल्या रखवालदाराला विचारायला लावलं, तेव्हा कळलं की दुपारी चारनंतर सामानाला लिफ्ट देत नाहीत. हे आधी कळलं नसतं तर ट्रक संध्याकाळी पोचून रात्रभर उभा राहिला असता, आणि उभ्या ट्रकचं भाडं वेगळं लागतं.

कोटेशनं आली, आणि मग ती एकमेकांशी ताडून बघण्याचा खेळ. एकानं सामान घनफुटांत दिलं, दुसऱ्यानं घनमीटरमध्ये, तिसऱ्यानं नुसतं 'एवढ्या फुटी ट्रक'. १ घनमीटर म्हणजे साधारण ३५ घनफूट, हे गणित करून एकाच मापात आणल्यावर दिसलं की सगळ्यात स्वस्त कंपनीनं माझं सामान सर्वांत महाग कंपनीपेक्षा एक तृतीयांशानं कमी धरलं होतं. तिचा दरही जवळपास निम्मा होता, आणि का ते आता कळत होतं. मग पुढचे प्रश्न. कर धरून की वेगळा? जिन्याचे, ट्रक लांब उभा राहिला तर तिथपर्यंत सामान वाहून नेण्याचे, खोलण्या-जोडण्याचे पैसे यात आहेत? तिकडे खोकी उघडून सामान लावून देणार की नुसतं ठेवून जाणार? रिकामी खोकी कोण नेणार? ज्याला जे विचारलं त्याचं उत्तर मेसेजवर किंवा मेलवर लेखी मागितलं. त्या मागणीसरशी दोघांचे फोन यायचे बंद झाले.

आम्ही निवडलेली कंपनी स्वस्त नव्हती, वरून दुसरी होती. घासाघीस केली ती रकमेवर कमी आणि तारखेवर जास्त. महिनाअखेर आणि शनिवार-रविवार हे या धंद्यातले तेजीचे दिवस, कारण भाडेकरार तेव्हाच संपतात आणि सुट्ट्याही तेव्हाच असतात. ऑक्टोबरच्या मध्यातला बुधवार घेतल्यावर दर आपोआप उतरला, शिवाय माणसं ताजीतवानी मिळतील असं त्या गृहस्थांनीच सांगितलं. दुसरा फाटा होता तो ट्रक एकट्याचा की भागीदारीतला. भागीदारीत पैसे बरेच वाचतात, पण सामान केव्हा पोचेल ते इतरांच्या पत्त्यांवर ठरतं आणि चढ-उतार वाढते. सासूबाईंना जमिनीवर झोपवणं शक्य नव्हतं, म्हणून एकट्याचा घेतला. तसं काही नसेल तर भागीदारी वाईट नाही.

(देशाबाहेर जाणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. आमचे एक स्नेही गेल्या वर्षी परदेशी गेले तेव्हा त्यांनी 'फिडी' या १९५० साली स्थापन झालेल्या, मूव्हर्स कंपन्यांच्या जागतिक संघटनेचे सदस्य आधी शोधले. सदस्य कंपन्यांची 'फेम' नावाच्या मानकानुसार ठरावीक काळानं तपासणी होते. विमानानं पाठवताना १ घनमीटरला निदान १६७ किलो धरून आकारणी करायची पद्धत आहे, त्यामुळे हलक्या पण फुगीर गाद्या-उशांचे पैसे लोखंडासारखे लागतात, हेही त्यांच्याकडूनच कळलं.)

करार दोन पानांचा होता. मी तो रात्री बसून वाचला आणि सकाळी फोन करून दोन बदल सांगितले. रकमेपुढे 'अंदाजे' होतं, त्याजागी 'ठरलेली; सर्व्हेच्या यादीबाहेरचं सामान निघालं तरच, ठरलेल्या दरानं वाढ' असं लिहून घेतलं. 'पोहोच लवकरात लवकर' होतं, तिथे तारीख घातली. आगाऊ रक्कम एकूण रकमेच्या एक दशांश, तीही कंपनीच्या नावाच्या खात्यात. मोठा हिस्सा ट्रक भरल्यावर आणि उरलेली रक्कम सामान उतरल्यावर. जो आधीच बहुतेक रक्कम मागतो किंवा कुणा व्यक्तीच्या खात्यात टाकायला सांगतो, त्याच्या वाटेला जाऊ नये. तारीख पुढे ढकलावी लागली तर किती दिवस आधी सांगायचं, हेही वाचून ठेवलं होतं. परीक्षेच्या तारखा कधी हलतील सांगता येत नाही.

विम्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. कोटेशनमध्ये 'विमा' अशी ओळ असते आणि तिच्यापुढे रक्कम असते. याचा अर्थ पॉलिसी निघाली असा होत नाही. पुष्कळदा तो कंपनीचाच आतला बंदोबस्त असतो, आणि वाहतूकदाराची स्वतःची जबाबदारी वजनावर किंवा एका छोट्या रकमेवर मर्यादित केलेली असते. म्हणून मी विचारलं, विमा कंपनी कोणती, पॉलिसी कुणाच्या नावानं आणि तिची प्रत ट्रक निघण्याआधी मिळेल का. मिळाली. तीही वाचली. काही पॉलिसींमध्ये आग, चोरी, ट्रक उलटणं एवढंच धरतात, नुसतं आदळून फुटलेलं धरत नाहीत. आम्ही सर्वंकष घेतली, हप्ता थोडा जास्त. प्रत्येक वस्तूची किंमत आपणच जाहीर करायची असते, आणि हप्ता वाचवायला ती निम्मी दाखवली तर नुकसानीचीही निम्मीच भरपाई हाती पडते. आपण स्वतः भरलेल्या खोक्यातलं काही फुटलं तर बहुधा मिळत नाही. आणि बाहेरून धक्क्याची खूण नसताना टीव्ही नुसताच बंद पडला, तर तेही बहुतेक वेळा बाहेर. म्हणून आदल्या दिवशी प्रत्येक उपकरण चालू करून, अनुक्रमांक दिसेल असा व्हिडिओ घेतला.

मधल्या आठवड्यांत घर हलकं केलं. जे नेणार नाही त्याचे पैसे का भरायचे? जाताना गॅसचा सिलिंडर, रंगाचे डबे, रॉकेल, फवारे असं ज्वालाग्राही काही मूव्हर्स घेत नाहीत, घेऊही नये. फ्रिज आदल्या दिवशी बंद करून बर्फ वितळवून कोरडा केला. समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनचं पिंप जागच्या जागी बांधून ठेवणारे बोल्ट असतात, मशीन नवीन आलं तेव्हा ते काढून ठेवलेले. सासूबाईंच्या सुई-दोऱ्याच्या डब्यात सापडले. नसते सापडले तर सेवा केंद्रातून मागवायला लागले असते. कागदपत्रं, दागिने, औषधं, चार्जर आणि दोन दिवसांचे कपडे आमच्यासोबत.

बुधवारी सकाळी माणसं आली, मुकादमासकट सहा जण. खोकी पाचपदरी, जाड पुठ्ठ्याची. पुस्तकांना लहान खोकी, उशा-गोधड्यांना मोठी. हे उलट करणारा माणूस दिसला तर तिथेच थांबवावं, कारण पुस्तकांचं मोठं खोकं तळातूनच फाटतं. ताटल्या त्यांनी आडव्या न रचता उभ्या लावल्या, प्रत्येकीमध्ये कागद. कपाट खोलल्यावर स्क्रू एका पिशवीत घालून ती पिशवी त्याच कपाटाच्या फळीला आतून चिकटवली. खोक्यांवर पेल्याचं, छत्रीचं आणि वर जाणाऱ्या बाणांचं चित्र होतं.

खरी गंमत यादीच्या वेळी झाली. मुकादम प्रत्येक वस्तूला क्रमांक देऊन पुढे तिची अवस्था लिहीत होता. मी मागे उभी राहून वाचत होते. जेवणाचं टेबल: 'ओरखडे, पोचे'. पलंग: 'ओरखडे, पोचे'. फ्रिज: 'ओरखडे, पोचे'. टीव्हीलाही तेच. "अहो, टीव्हीला पोचा कुठेय?" तो म्हणाला, "ताई, हे आपलं असंच लिहायचं असतं." असंच लिहिलेल्या यादीवर सही केली की उद्या पडलेला प्रत्येक ओरखडा आधीपासूनचाच ठरतो. मी न चिडता, पण एकेक वस्तू दाखवत, जिथे खरंच आहे तिथे कुठे आहे ते लिहायला लावलं: 'टेबल, डावा मागचा पाय, टवका'. अर्धा तास गेला. माणसं खोळंबली, मुकादमाचा चेहरा पडला. सासूबाईंनी सगळ्यांना सरबत दिलं आणि वातावरण निवळलं. ट्रकचा नंबर, चालकाचा फोन, यादीची प्रत आणि बिल्टी, म्हणजे सामान वाहतुकीला घेतल्याची पावती, हातात आल्यावरच ट्रकचं दार लावू दिलं.

ट्रक दुसऱ्या दिवशी दुपारी पोचायचा होता, तो पोचला तिसऱ्या दिवशी सकाळी. वाटेत टायर गेलं. त्या रात्री मला झोप लागली नाही, खोटं कशाला सांगू. चालक फोन उचलत होता, कार्यालयातल्या बाईंनी रात्री स्वतःहून निरोप दिला, तरी डोळ्यांसमोर दारात अडकलेला तोच नातेवाइकांचा ट्रक. आम्ही सतरंजीवर, सासूबाई शेजाऱ्यांकडून आणलेल्या घडीच्या खाटेवर.

उतरवताना मी दारात यादी घेऊन बसले, मुलगी क्रमांक ओरडत होती, नवरा खोली सांगत होता. एक खोकं कमी निघालं. मुकादमाला परत ट्रकमध्ये चढायला लावलं, तर ते ताडपत्रीच्या घडीमागे होतं. फ्रिज उभाच आला होता, तरी काही तास तसाच ठेवून मग चालू केला. आडवा झालेला असेल तर कॉम्प्रेसरमधलं तेल खाली बसायला आणखी जास्त वेळ द्यावा लागतो. जेवणाच्या टेबलाची काच एका कोपऱ्यात तडकली होती. पोहोच पावतीवर 'सर्व सामान सुस्थितीत' असं छापलेलं होतं. त्याखाली मी तडा, वस्तूचा क्रमांक आणि 'सर्व खोकी अद्याप उघडलेली नाहीत' असं लिहिलं, मुकादमाची सही घेतली आणि मगच माझी केली. फोटो त्याच जागी, गुंडाळलेल्या बबल रॅपसकट काढले. ते पॅकिंग दावा मिटेपर्यंत फेकायचं नसतं.

दावा त्याच संध्याकाळी मेलनं कळवला, कारण पॉलिसीत मुदत दिवसांत मोजलेली होती. फॉर्म, यादी, बिल्टी, फोटो, काचवाल्याचं दरपत्रक, मग आणखी एकदा तेच फोटो 'जरा स्पष्ट' पाठवा, मग शांतता, मग माझे फोन. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात काचेचे पैसे आले, सुरुवातीची ठरावीक रक्कम वजा करून. बैठकीतला मातीचा दिवाही फुटला होता, त्याचं काही मिळालं नाही. तो मुलीनं स्वतः सजवून भरलेल्या खोक्यात होता आणि ते तिला करू द्यायचं हे आम्ही पॉलिसी वाचूनच ठरवलं होतं. त्याच आठवड्यात कंपनीचा माणूस रिकामी खोकी न्यायला आला. चांगली दहा-बारा मी ठेवून घेतली आहेत. घर भाड्याचंच आहे.